पिकअपच्या गिअरबॉक्सचा दिवा लागला म्हणजे बॉक्स गेला असं नाही

चाळीसगाव सोडलं, कन्नडचा औट्रम घाट लागला, मागे ठिबकच्या नळ्यांची बंडलं मेव्हण्यांकडे पोचवायची होती, शेजारी आबा झोपेत, आणि चौथ्या-पाचव्या वळणावर मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. दातेरी चाक आणि त्याच्या मधोमध उद्गारचिन्ह. लगेच गाडीने एक झटका दिला आणि एकाच गिअरमध्ये अडकून बसली, कितीही दाबा, बदलायला तयारच नाही. आबा जागे झाले आणि पहिलं वाक्य काय, तर "मी तं पहिलेच सांगेल व्हतं, बिनक्लचनी गाडी नको."

गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, डबल कॅब, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव सांगत नाही कारण शेवटी दोष कंपनीचा निघालाच नाही. पण त्या दिव्यापायी मी जे पंधरा दिवस फिरलो त्यात बरंच शिकलो, ते इथे साध्या भाषेत लिहून ठेवतोय, कारण आता आपल्याकडेही दोन पेडलच्या पिकअप दिसायला लागल्यात आणि दिवा लागला की पहिला गॅरेजवाला एकच सांगतो, बॉक्स खोलना पडी.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे केळी, कापूस, भाजीपाला वाहणाऱ्या बहुतेक पिकअप हाताच्या गिअरच्या आहेत, त्यांच्यात गिअरबॉक्सचा वेगळा दिवा नसतोच. त्यांच्यात जो पिवळा दिवा लागतो तो इंजिनचा, आणि गाडी रेस घेते पण उठत नाही असं असेल तर आधी क्लच प्लेट बघायची. तो वेगळा विषय आहे. हे सगळं ऑटोमॅटिकचं आहे.

तर ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही, मग इंजिन चालू असताना गाडी उभी कशी राहते? आईला ताक घुसळताना बघितलंय ना, रवी फिरली की ताक फिरतं आणि त्या ताकात पळी सोडली तर ती पण गरगर फिरायला लागते, रवी पळीला कुठेच टेकलेली नसते तरी. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेच, रवी इंजिनला जोडलेली, पळी बॉक्सला जोडलेली आणि मधे ताकाऐवजी तेल. ब्रेक दाबला की पळी थांबते, रवी तेलात फिरत राहते, इंजिन बंद पडत नाही. तोटा असा की पळी रवीपेक्षा थोडी मागेच राहते आणि त्या घासाघाशीत तेल तापतं, म्हणून एका ठराविक स्पीडच्या पुढे आत एक क्लच लागतो जो रवी आणि पळी एकत्र धरून टाकतो, त्याला लॉकअप म्हणतात. घाटात लोड घेऊन हळू चढताना लॉकअप बऱ्याचदा लागतच नाही, आणि म्हणून घाटातच बॉक्स तापतो.

पुढे गिअर बदलायचं काम. आत क्लचच्या बऱ्याच प्लेटा आहेत, त्या तेलाच्या प्रेशरने दाबल्या जातात, आणि कुठल्या प्लेटला तेल पाठवायचं ते ठरवतं एक व्हॉल्व्ह बॉडी नावाचं जाळं. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे वेगळं समजवायला नकोच. विहिरीवरचं हेड युनिट डोळ्यासमोर आणा, पंप, फिल्टर, मग प्लॉटवार व्हॉल्व्ह, ऑटोमेशन असेल तर व्हॉल्व्हवर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी कळ, बसवलेले आणि ते उघडझाक करणारा कंट्रोलर. गिअरबॉक्समध्ये हेच सगळं एका भाकरीच्या टोपलीएवढ्या जागेत आहे. पंप इंजिनवर फिरतो, तेल फिल्टरमधून येतं, सोलेनॉइड वाट उघडतो, आणि कंट्रोलर म्हणजे टीसीएम नावाचा छोटा कॉम्प्युटर. आता ठिबकमध्ये शेवटच्या ओळीला पाणी पोचत नसेल तर आपण काय करतो? जमीन खोदतो का? आधी पंपाचं प्रेशर, मग फिल्टर चोक आहे का, मग व्हॉल्व्ह, मग वायर. बॉक्सचंही तसंच आहे, पण तिथे मिस्त्री डायरेक्ट जमीन खोदायच्या गोष्टी करतो.

आता दिवा का लागतो, हे खरं महत्त्वाचं. कॉम्प्युटरला प्लेटा दिसत नाहीत, त्याला फक्त आकडे दिसतात. बॉक्समध्ये दोन स्पीड सेन्सर असतात, एक आत येणारी शाफ्ट किती फिरते ते मोजतो, दुसरा चाकाकडे जाणारी शाफ्ट. समजा एखाद्या गिअरचं प्रमाण दीडाला एक आहे, तर आत १८०० फेरे आले की बाहेर १२०० जायला पाहिजेत. बाहेर १२०० च आहेत पण आतले २१०० झाले तर प्रमाण पावणेदोन झालं, म्हणजे मधे कुठंतरी प्लेट घसरतेय, कॉम्प्युटर लगेच कोड, म्हणजे तक्रारीचा नंबर, टाकतो. पण गंमत बघा, प्लेट एकदम ठणठणीत आहे आणि फक्त सेन्सरची वायर सुटली, तरी हिशोब चुकतोच ना. कॉम्प्युटर आत येऊन बघू शकत नाही, तो म्हणतो आकडा जुळत नाही, मी रिस्क घेणार नाही, आणि गाडी एका सुरक्षित गिअरमध्ये टाकून देतो, जास्त करून दुसरा नाहीतर तिसरा. याला लिम्प मोड म्हणतात, लंगडत घरी जा मोड म्हणा. लोक समजतात बॉक्स तुटला म्हणून गिअर पडत नाही, खरं म्हणजे बरेचदा कॉम्प्युटरने स्वतःच हात आखडता घेतलेला असतो.

दिवे पण सगळे एक नसतात. दातेरी चाक आणि उद्गारचिन्ह म्हणजे कंट्रोलची तक्रार. चाकात थर्मामीटर असेल किंवा तेलाच्या टेंपरेचरचं नाव लिहिलेलं असेल तर तेल तापलंय, तेव्हा सावलीत गाडी लावा, गिअर पार्क किंवा न्यूट्रलला, इंजिन चालू ठेवा म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहील, लगेच बंद करू नका. मात्र इंजिनच्या टेंपरेचरचा काटा पण लालमध्ये असेल तर हा नियम नाही, तेव्हा बंदच करायचं. काही जुन्या गाड्यांत वेगळा दिवाच नसायचा, अमेरिकेतल्या नव्वदच्या दशकातल्या फोर्ड पिकअपमध्ये ओव्हरड्राइव्ह ऑफचा, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर बंद असल्याचा, जो साधा दिवा असतो तोच लुकलुकायला लागला की समजायचं बॉक्सने तक्रार नोंदवली.

मी घाटात काय केलं, तर बाजूला घेतली, पार्कला टाकली, बंद केली, दहा मिनिटांनी परत चालू केली. दिवा गेला! गाडी छान चालली, दोन किलोमीटर. मग एका खड्ड्यात चाक आदळलं आणि परत दिवा. तेव्हा मी फक्त शिव्या घातल्या, पण खरं निदान त्या खड्ड्यातच होतं.

कारण दिवा कधी लागतो हे सगळ्यात मोठं कळीचं उत्तर आहे आणि ते गॅरेजवाल्याला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. सकाळी पहिली चावी फिरवताच लागतो आणि दिवसभर नसतो, तर बॅटरी आणि अर्थिंगवर संशय घ्या, सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर गडबडतात आणि नको ते कोड टाकतात. थंड असताना ठीक आणि तासभर चालवल्यावरच लागतो, घाटात, लोडमध्ये, तर तेल, कूलर, नाहीतर गरम झाल्यावर दगा देणारा सोलेनॉइड. आणि खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, पावसात लागतो तर वायर. डोळे झाकून आधी वायर. माझ्या बाबतीत अजून एक खूण होती जी मला नंतर आठवली, दिवा लागायच्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून परत वर आला होता. काही गाड्यांत स्पीडोमीटरला बॉक्सच्याच सेन्सरचा सिग्नल जातो, त्यामुळे काटा नाचला की अर्धं उत्तर मिळालं.

आता कोड. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून चारचाकींना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवायची पद्धत, लागू झालं तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत तो असतो. त्यात लावायचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र मिळतं, मोबाईलवर कोड दिसतो. मी पण मागवलं, कोड आला पी०७००, मी खुश, नेटवर बघितलं तर त्याचा अर्थ निघाला "बॉक्सच्या कॉम्प्युटरची तक्रार आहे". अरे ते तर दिव्याने आधीच सांगितलं होतं! पी०७०० हा नुसता निरोप आहे, खरा कोड बॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि तो वाचायला बॉक्सपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो, स्वस्तातलं यंत्र बरेचदा फक्त इंजिनशी बोलतं. म्हणून गॅरेजला गेल्यावर विचारायचं, दादा तुमचा स्कॅनर टीसीएम वाचतो का, आणि कोड पुसायच्या आधी कागदावर लिहून द्या. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, पहिल्या गॅरेजवाल्याने माझे कोड न लिहिताच पुसून टाकले आणि वर म्हणे प्लेटा गेल्या, दीड लाख, आठ दिवस गाडी सोडा. कशावरून प्लेटा गेल्या विचारलं तर म्हणे अनुभव.

नंतर जे कोड निघू शकतात त्यातले नेहमीचे सांगतो. पी०७१५ च्या आसपासचे म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टचा सेन्सर, पी०७२० च्या आसपासचे बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा. पी०७०५ म्हणजे लिव्हर कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगणारा स्विच. पी०७३० आणि त्याच्या पुढचे दोन-चार म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, ७३१ पहिला गिअर, ७३२ दुसरा असं. पी०७४० च्या घरातले लॉकअप क्लचचे, पी०७५० पासून पुढे सोलेनॉइडचे, पी०२१८ म्हणजे बॉक्स तापला. यात खरी धडकी भरावी असे प्रमाणाचे कोड, आणि ते पण वारंवार, एकाच गिअरला, जोडीला रेस वाढते पण गाडी उठत नाही असं असेल तर. सेन्सर किंवा सोलेनॉइडचा कोड आला म्हणून ते बदलूनच टाका असंही नाही, कोड तो पार्ट खराब आहे असं सांगत नाही, त्या पार्टच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, आणि सर्किट म्हणजे पार्ट, वायर, जोड, अर्थिंग सगळं आलं.

म्हणून खोलायच्या आधी तीन गोष्टी, आणि माझ्या मते याच क्रमाने. बॅटरी सगळ्यात आधी कारण फुकट आहे. साधं मल्टिमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीला साडेबाराच्या आसपास व्होल्ट पाहिजे, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी डायरेक्ट बॉक्सच्या बॉडीला लावून सेल्फ मारायला सांगा, तिथे अर्धा व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. माझी पट्टी हिरवी पडली होती, वरून बघून कळलं पण नसतं.

मग तेल. याला एटीएफ म्हणतात आणि कुठलंही लाल तेल चालत नाही, गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. ज्यांना बॉक्सचं तेल मोजायची काडी आहे त्यांनी बहुतेक गाड्यांत गाडी गरम करून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पार्कला ठेवून मोजायचं, इंजिन ऑइलसारखं बंद करून नाही, तरी पुस्तक बघा कारण एखादी कंपनी उलट सांगते. लेव्हल कमी म्हणजे कुठेतरी गळतंय, बॉक्स काही तेल पीत नाही. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाका. लालसर, सरबतासारखं असेल तर उत्तम. काळपट तपकिरी आणि करपलेला वास, म्हणजे प्लेटा घासल्यात. आणि गुलाबी दुधासारखं, फालुद्यासारखं झालं असेल तर इंजिन लगेच बंद करा आणि परत चालू करू नका, काही गाड्यांत बॉक्सचं तेल रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून थंड होऊन येतं आणि तो आतून फुटला की कूलंट तेलात येतं, प्लेटांचं अस्तर त्या पाण्याने सुटतं, मग मात्र दीड लाखाची गोष्ट खरी होते. तेल तापण्यावरून आठवलं, आपल्याकडे रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून गोधडी तयार होते. मे महिन्यात बाहेर ४५, त्यात मागे दोन टन माल, समोर गोधडी. एटीएफ १२० डिग्रीच्या वर गेलं की भराभर खराब होतं. जाळी आतून बाहेर पाण्याने धुवा, पण प्रेशर बेताचं ठेवा, पाती वाकतात.

आणि तिसरी वायर, जिथे माझा चोर सापडला. जळगावला एक वायरिंगवाले काका आहेत, बॉक्सचं काम करतच नाहीत, फक्त वायर. त्यांनी कोड वाचला, बाहेरच्या शाफ्टच्या सेन्सरचा, मग गाडीखाली झोपले, इंजिन चालू, मी स्कॅनरवर सेन्सरचा आकडा बघतोय आणि ते एकेक वायरीचं झुडूप हाताने हलवतायत. बॉक्सच्या वरच्या बाजूला हात गेला आणि आकडा गायब. सोडला की परत. खालून आवाज आला, "उंदीरनी आठे जेवन करेल शे." गाडी दोन महिने कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती, उंदराने वायरीचं प्लास्टिक खाऊन तांबं उघडं केलेलं, एक तार जेमतेम धाग्यावर. खड्डा आला की तुटायची, सरळ रस्त्यावर जुळायची. वायर, स्लीव्ह, नवी अर्थिंग पट्टी आणि मजुरी धरून अकराशे रुपये. आबांना सांगितलं तर ते म्हणे उंदीर बी समजदार शे, बिनक्लचनीच गाडी खाई.

वायर बघताना कनेक्टरचा सॉकेट काढून बघाच. पिना हिरव्या झाल्यात का, आत तेल आलंय का, काही बॉक्समध्ये तेल वायरीच्या आतून वर चढत कॉम्प्युटरपर्यंत जातं, विश्वास बसत नाही पण जातं. सोलेनॉइड तपासायचा असेल तर मल्टिमीटर ओहमला लावून पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा, मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली, अगदी शून्य असेल तर शॉर्ट. सोलेनॉइड बऱ्याच बॉक्समध्ये खालचा तेलाचा पॅन काढून बदलता येतात, पूर्ण बॉक्स उतरवायची गरज नसते. पॅन काढलाच तर तळाच्या चुंबकाकडे बघा. पिठासारखी राखाडी पेस्ट नॉर्मल आहे, पण लोखंडाचे कण, चकत्या बोटाला टोचल्या तर मग प्लेटा, बेअरिंग वगैरेचं काम आहे, तेव्हा बॉक्स खोलायला हरकत नाही.

एक धोक्याची गोष्ट. गाडी बंद पडली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेणे. ऑटोमॅटिकला हे करू नका. तेलाचा पंप इंजिनवर फिरतो, इंजिन बंद असताना चाकं फिरली तर बॉक्सच्या आतलं सगळं तेलाशिवाय कोरडं फिरतं आणि जो बॉक्स चांगला होता तो गावापर्यंत येता येता जातो. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर मागची चाकं उचला किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडा, फोर बाय फोर असेल तर सरळ ट्रॉलीवर घाला. धक्का स्टार्ट पण होत नाही, उगाच सहा माणसं दमवू नका. आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा जुगाड करू नका, कोड पुसले जाऊ शकतात आणि बॉक्सने तुमच्या चालवण्यावरून शिकलेला हिशोबही जाऊ शकतो, मग काही दिवस झटके देते आणि माणसाला वाटतं आता नवीनच काहीतरी बिघडलं.

वायर झाली, दिवा गेला, तेव्हा काका म्हणाले तेल पण मोजून घे. माझ्या बॉक्सला काडी नाही, खाली एक बोल्ट आहे, तेल ३५ ते ४५ डिग्रीच्या मधे असताना इंजिन चालू ठेवून तो उघडायचा, बारीक धार येऊन थेंब थेंब झालं की लेव्हल बरोबर. बऱ्याच बिनकाडीच्या बॉक्सची अशीच पद्धत असते, आकडे ज्याच्या त्याच्या पुस्तकात. आता पारोळ्याला मे महिन्यात ४५ च्या खाली तेल कधी मिळणार? उभ्या गाडीचं तेलच दुपारी तेवढं असतं. म्हणून ठरलं पहाटे साडेपाचला. मी पाचला उठून गाडी अंगणात सपाट लावली, स्कॅनर जोडला, तेल ३१ डिग्री, मस्त. ज्याला मोजायला बोलावलं होतं तो पोरगा आला साडेआठला, चहा प्यायला, इंजिन चालू करून गाडीखाली सरकला, पाना सापडेना, तो शोधेपर्यंत तेल ५२ ला गेलं. परत दुसऱ्या दिवशी पहाटे.